जिवंत पेशीत पहिलं लॉजिक गेट: कागदापासून मोजमापापर्यंत

पेशीला हिशेब करता येतो हे आपण तिला शिकवत नाही, तिला ते आधीपासून येतं. ई. कोलाय हा जिवाणू लॅक्टोज आहे का आणि ग्लुकोज संपलं आहे का, हे दोन्ही पाहूनच लॅक्टोज पचवणारी प्रथिनं बनवायला घेतो. फ्रांस्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ मध्ये या यंत्रणेचं स्पष्टीकरण मांडलं. डीएनएवर बसणारं एक प्रथिन जनुक बंद ठेवतं आणि साखरेचा रेणू आला की ते प्रथिन बाजूला होतं. जनुकाला स्विच म्हणून पाहण्याची सुरुवात तिथे झाली. त्यानंतर १९९४ मध्ये लिओनार्ड एडलमन यांनी पेशीबाहेर, परीक्षानळीतल्या डीएनएच्या तुकड्यांनी सात बिंदूंच्या नकाशावरचा मार्ग शोधून दाखवला. २००० च्या जानेवारीत 'नेचर'च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. गार्डनर, कँटर आणि कॉलिन्स यांनी पेशीत टॉगल स्विच बनवला होता, तर एलोविट्झ आणि लायब्लर यांनी जनुक बंद करणाऱ्या तीन प्रथिनांच्या साखळीतून दोलक बनवला होता. तेव्हापासून 'पेशीत सर्किट' हा शब्दप्रयोग रूढ झाला.

या लेखात एकच सर्किट सुरुवातीपासून शेवटपर्यंत बांधायचं आहे: दोन इनपुटचं नॉर गेट. वाचकाला बारावीइतकं जीवशास्त्र आणि थोडं बीजगणित येत असावं. प्रत्यक्ष प्रयोगासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा लागते. लेखाचा पहिला अर्धा भाग मात्र वही आणि स्प्रेडशीटवर करता येतो, आणि माझ्या मते खरं काम तिथेच होतं.

नॉरच का?

नॉर गेट म्हणजे दोन्ही इनपुट नसतील तरच आउटपुट 'हो', एरवी 'नाही'. एवढं साधं गेट निवडण्याची दोन कारणं आहेत. पहिलं गणिती आहे: फक्त नॉर गेटं जोडून कुठलंही तर्कशास्त्रीय सर्किट बांधता येतं. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांचा मार्गदर्शक संगणक तीन इनपुटच्या नॉर गेटांवरच उभा होता. दुसरं कारण पेशीतलं आहे. आपल्याकडे भरवशाचे सुटे भाग कोणते, तर रिप्रेसर, म्हणजे जनुक बंद करणारी प्रथिनं. ती पेशीत नैसर्गिकरीत्या मुबलक सापडतात. एका रिप्रेसरच्या जनुकाआधी दोन प्रमोटर, म्हणजे जनुकाचं वाचन जिथून सुरू होतं ते डीएनएचे तुकडे, एकामागे एक बसवले, की दोहोंपैकी कुठलाही सुरू झाला तरी रिप्रेसर तयार होतो आणि आउटपुट बंद पडतं. नॉर गेट तयार! तमसीर, टेबर आणि व्हॉइट यांनी २०११ मध्ये हीच मांडणी ई. कोलायमध्ये करून दाखवली.

अँड गेटपासून सुरुवात करण्याचा मोह अनेकांना होतो, कारण 'हे आणि ते दोन्ही असेल तर' ही अट बोलीभाषेत सोपी वाटते. पण पेशीत अँड करायला सहसा दोन प्रथिनांनी किंवा प्रथिन आणि आरएनएने एकत्र येऊन काम करावं लागतं, आणि त्या दोघांचं प्रमाण जुळवता जुळवता नवशिक्याचा जीव मेटाकुटीला येतो. आधी नॉर जमवा.

पायरी १: ० आणि १ कशाला म्हणायचं ते ठरवा

इथे घाई करू नका. इलेक्ट्रॉनिक्समध्ये किती व्होल्टपर्यंत ० आणि कितीच्या वर १ हे कारखान्यात ठरून आलेलं असतं. पेशीत असं काहीच ठरलेलं नाही. 'बंद' प्रमोटरही थोडासा गळतोच, आणि 'सुरू' प्रमोटर किती जोरात चालतो हे माध्यम, तापमान, पेशीची वाढ यांवर अवलंबून असतं. ई. कोलायच्या पेशीचं आकारमान साधारण एक घन मायक्रॉन. इतक्या लहान जागेत एक नॅनोमोलर सांद्रता म्हणजे पेशीमागे जेमतेम एक रेणू. नैसर्गिक लॅक रिप्रेसरचे तर पेशीत दहाच्या आसपासच संकुल-रेणू असतात. एवढ्या थोड्या रेणूंवर चालणाऱ्या यंत्रात ० आणि १ हे संख्यांचे पट्टे असतात, आणि त्या पट्ट्यांच्या हद्दी आपणच आखायच्या असतात.

हद्दी आखायला माप हवं. आउटपुट म्हणून आपण चकाकणारं प्रथिन वापरणार आहोत, पण त्याच्या उजळण्याचे आकडे प्रत्येक यंत्रावर वेगळे येतात, म्हणून या क्षेत्रात 'सापेक्ष प्रमोटर एकक' वापरतात. जे२३१०१ नावाचा एक ठरावीक, कायम सुरू असणारा प्रमोटर घेऊन त्याची ताकद १ मानायची आणि बाकी सगळ्यांची तुलना त्याच्याशी करायची. पुढे मी जिथे 'एकक' म्हणेन तिथे हेच एकक समजा.

पायरी २: इनपुट निवडा

आपले दोन इनपुट म्हणजे माध्यमात टाकायचे दोन पदार्थ: अरॅबिनोज ही साखर आणि अॅनहायड्रोटेट्रासायक्लिन, ज्याला प्रयोगशाळेत सगळे 'एटीसी' म्हणतात.

अरॅबिनोजसाठी पी-बॅड प्रमोटर आणि त्याचा नियंत्रक अॅरासी. अरॅबिनोज नसताना अॅरासी डीएनएचा फास करून प्रमोटर बंद ठेवतो, ती आली की तोच अॅरासी प्रमोटर सुरू करतो. एटीसीसाठी पी-टेट प्रमोटर आणि टेटआर रिप्रेसर. टेटआर प्रमोटरवर बसलेला असतो, एटीसी त्याला घट्ट धरतं आणि तो डीएनए सोडतो. मूळ टेट्रासायक्लिनऐवजी एटीसी वापरतात, कारण ते टेटआरला कितीतरी घट्ट चिकटतं आणि पेशीला मात्र कमी जाचतं.

दोन्हींना आपापल्या खोडी आहेत, त्या आधीच माहीत असाव्यात. माध्यमात ग्लुकोज असेल तर पी-बॅड नीट सुरू होत नाही. पेशीला आवडती साखर मिळत असताना ती दुसऱ्या साखरेची यंत्रणा दाबून ठेवते. माझ्या पहिल्या सर्किटात सवयीने घातलेल्या ग्लुकोजमुळे अरॅबिनोजची नळी, जी अंधारी व्हायला हवी होती, लख्ख उजळत राहिली. गेट चुकलं समजून मी कित्येक आठवडे रिप्रेसर बदलत बसलो, आणि दोष निघाला तो साखरेत. ग्लुकोजऐवजी ग्लिसरॉल वापरा. दुसरी खोड अशी की बहुतेक जिवाणू अरॅबिनोज खाऊन टाकतात, म्हणजे प्रयोग चालू असतानाच इनपुट संपतं. म्हणून अरॅबिनोज पचवणारी जनुकं काढून टाकलेला वाण घ्या. डीएच१०बी त्यातलाच आहे, आणि त्यात समजात पुनर्संयोग (डीएनएच्या सारख्या तुकड्यांची आपसातली अदलाबदल) मंदावलेला असल्याने सर्किटही जास्त टिकतं. एटीसी प्रकाशात खराब होतं, त्याची बाटली फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा.

पायरी ३: गेटचा रिप्रेसर

मधला रिप्रेसर निवडताना एकच निकष लावा: तो दुसऱ्या कुणाच्या कामात नाक खुपसणारा नको. पेशीत तारा नसतात, सगळी प्रथिनं एकाच रसात तरंगत असतात. सिग्नल योग्य ठिकाणी पोचतो तो केवळ प्रथिन आणि डीएनए एकमेकांना ओळखतात म्हणून. त्यामुळे एकच रिप्रेसर एका सर्किटात दोन गेटांना वापरता येत नाही. इथे टेटआर आणि अॅरासी आधीच कामाला लागले आहेत, ते सोडून तिसरा हवा. मी पीएचएलएफ घेतो. स्यूडोमोनास जिवाणूतलं हे प्रथिन टेटआरच्याच कुळातलं आहे, पण त्याची डीएनएवरची जागा वेगळी आहे आणि ते आपल्या प्रमोटरला फार चांगलं बंद करतं. आउटपुट म्हणून पी-पीएचएलएफ प्रमोटरपुढे जीएफपी, म्हणजे हिरवं चकाकणारं प्रथिन.

सत्यता-सारणी अशी बनते. अरॅबिनोज नाही, एटीसी नाही: हिरवा. बाकी तिन्ही स्थितींत अंधार.

पायरी ४: आकडेमोड

रिप्रेसर गेटचं वागणं एका सूत्रात बसतं:

आउटपुट = किमान + (कमाल − किमान) ÷ (१ + (क्ष ÷ क)^न)

'क्ष' म्हणजे गेटमध्ये येणारा एकूण इनपुट, म्हणजे दोन्ही प्रमोटरांच्या ताकदीची बेरीज. 'क' म्हणजे ज्या इनपुटला आउटपुट साधारण निम्म्यावर येतं तो आकडा. 'न' म्हणजे वक्राचा चढ. 'न' एक असेल तर गेट आळसावलेलं, हळूहळू बदलणारं. दोन ते चार असेल तर ठसठशीत.

उदाहरणासाठी काही आकडे धरू: किमान ०.०२, कमाल ४, 'क' ०.२, 'न' ३. पी-बॅड बंद असताना ०.०१, सुरू असताना २.५. पी-टेट बंद असताना ०.०१, सुरू असताना ४. हे आकडे समजून घेण्यापुरते आहेत, तुमच्या पेशीतले तुम्हालाच मोजावे लागतील.

दोन्ही इनपुट नाहीत तेव्हा क्ष ०.०२, 'क'च्या एक दशांश. त्याचा घन ०.००१. आउटपुट जवळपास ४. फक्त अरॅबिनोज असेल तर क्ष २.५१, 'क'च्या साडेबारा पट, आउटपुट ०.०२२. फक्त एटीसी किंवा दोन्ही असतील तर ०.०२०. उजेड आणि अंधार यांत सुमारे १८० पटींचं अंतर. उत्तम गेट.

आता एकेक भाग मुद्दाम बिघडवून पाहा, हीच खरी शिकवणी. पी-टेट थोडा गळका निघाला आणि बंद असताना ०.०१ ऐवजी ०.२ देऊ लागला. दोन्ही इनपुट नसताना क्ष ०.२१, आणि आउटपुट ४ वरून घसरून १.८६. गेट सदोष नाही, तरी उजेड निम्म्याहून कमी. दुसरा बिघाड: अरॅबिनोज कमी पडली, पी-बॅड २.५ ऐवजी ०.३ वरच थांबला. क्ष ०.३१, आउटपुट ०.८६. जिथे अंधार हवा तिथे मंद हिरवट उजेड. डोळ्यांना वाटेल, ठीक आहे, ४ पेक्षा तर कमीच आहे. पण हेच आउटपुट तशाच दुसऱ्या गेटला इनपुट म्हणून दिलं तर? ०.८६ हे त्याच्या 'क'च्या चार पटींहून जास्त आहे. ते गेट त्याला बेधडक १ समजेल आणि स्वतः ०.०७ वर जाऊन बसेल. पहिल्या गेटने 'नाही' म्हटलं, दुसऱ्याने ते 'हो' ऐकलं.

पेशीतली बहुतेक सर्किटं याच जागी फसतात. प्रत्येक भाग सुटा सुटा चांगला असतो, पण एकाचा आवाज दुसऱ्याच्या कानाच्या पट्ट्यात बसत नाही. म्हणून नियम असा ठेवा: आधीच्याचा 'बंद' पुढच्याच्या 'क'पेक्षा निदान पाच पट खाली हवा आणि 'सुरू' निदान पाच पट वर हवा. पाच हा आकडा माझा, अनुभवाने ठरवलेला. तुम्ही दहा धरलात तर उत्तमच.

जुळत नसेल तर फिरवायच्या चाव्या दोन. रिप्रेसरच्या जनुकाआधीची रायबोझोम बसण्याची जागा बदलली की तेवढ्याच आरएनएपासून प्रथिन कमी-जास्त बनतं, आणि 'क' डावी-उजवीकडे सरकतो. वक्राचा आकार साधारण तोच राहतो. ही पहिली चावी. दुसरी चावी प्लाझ्मिडच्या, म्हणजे सर्किट वाहून नेणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्याच्या, प्रतींची संख्या, पण ती सगळंच एकदम बदलते, म्हणून तिला उशिरा हात लावा.

पायरी ५: वेळेचा हिशेब

स्थिर स्थितीचे आकडे जुळले तरी गेट किती वेळात पलटतं हा प्रश्न उरतो. ई. कोलायमध्ये आरएनए पॉलिमरेज सेकंदाला चाळीस-पन्नास अक्षरं वाचतं, रायबोझोम सेकंदाला पंधराच्या आसपास अमिनो आम्लं जोडतो. दोनशे अमिनो आम्लांचा रिप्रेसर अर्ध्या मिनिटात तयार. मग गेट झटपट चालावं? रिप्रेसर साचण्यापुरतं खरं आहे, ओसरण्यासाठी नाही. बहुतेक प्रथिनं पेशीत मोडत नाहीत, पेशी विभागते तेव्हाच ती वाटली जाऊन विरळ होतात. रिप्रेसर साचला की तो ओसरायला पिढ्या जातात.

स्प्रेडशीटमध्ये हे दहा मिनिटांत दिसतं. एका स्तंभात मिनिटं, शेजारी रिप्रेसरची पातळी. प्रत्येक ओळीत सूत्र: नवी पातळी = जुनी + ०.०२३ × (क्ष − जुनी). पेशी ३० मिनिटांनी दुप्पट होतात असं धरल्यावर ०.६९३ भागिले ३० केलं की हा ०.०२३ येतो. पातळी ०.०२ असताना अरॅबिनोज टाका, म्हणजे क्ष २.५१ करा. सात-आठ मिनिटांत पातळी ०.४ ओलांडते, गेट पलटण्याच्या रेषेपलीकडे जाते. आता उलट करा: पातळी ६.५ असताना दोन्ही इनपुट धुऊन टाका आणि ती ०.१ खाली यायची वाट पाहा. तीन तासांहून अधिक लागतात. एका दिशेला मिनिटं, दुसऱ्या दिशेला तास.

जीएफपीचंही तेच. ते फार टिकाऊ आहे. रिप्रेसरने जनुक पूर्ण बंद केलं तरी आधी बनलेला हिरवेपणा पेशी विभागूनच जाईल. पातळी ४ वरून सुरू केली तर दोन तासांनीही ती ०.२७ असते, खऱ्या अंधाराच्या दहा पटींहून जास्त. बऱ्याच जणांचं गेट 'गळकं' असतं ते केवळ घाईने मोजल्यामुळे. निदान सहा तास वाढू द्या. वेगच हवा असेल तर प्रथिनाच्या शेपटाला एसएसआरए नावाची छोटी खूण जोडतात, म्हणजे पेशीतलेच प्रथिन तोडणारे एन्झाइम ते लवकर संपवतात. मात्र मग उजेडही कमी होतो आणि सगळे आकडे नव्याने मोजावे लागतात. पहिल्या सर्किटात तो फंद नको.

पायरी ६: डीएनएची मांडणी

कागदावर डावीकडून उजवीकडे लिहा. आधी टेटआर आणि अॅरासी यांची जनुकं, त्यांच्या स्वतःच्या प्रमोटरांसह. मग पी-बॅड, त्यानंतर पी-टेट, मग रायबोजे (हा एक इन्सुलेटर, त्याचं काम खाली सांगतो), रायबोझोमची जागा, पीएचएलएफचं जनुक, टर्मिनेटर (जिथे वाचन थांबतं). त्यापुढे पी-पीएचएलएफ, दुसऱ्या प्रकारचा इन्सुलेटर, रायबोझोमची जागा, जीएफपी, टर्मिनेटर.

प्रमोटरांचा क्रम महत्त्वाचा आहे. पी-बॅड दुसऱ्या जागी ठेवला आणि तो बंद असेल तर त्याच्यावर बसलेली प्रथिनं आधीच्या प्रमोटरकडून आलेल्या पॉलिमरेजची वाट अडवतात. म्हणून तो पहिला आणि पी-टेट जनुकाजवळ.

रायबोजे हा मला मनापासून आवडणारा भाग आहे. दोन प्रमोटरांपासून निघणाऱ्या आरएनएची सुरुवात वेगवेगळी असते, आणि त्या सुरुवातीमुळे रायबोझोम कमी-जास्त बसतात. मग पी-बॅडचे '२' आणि पी-टेटचे '२' सारखे राहत नाहीत, आपली बेरीजच चुकते. रायबोजे हा स्वतःला कापणारा आरएनए आहे. सुरुवातीचा तो वेगवेगळा भाग तो छाटतो आणि आरएनए कुठूनही आला असला तरी एकसारखा करून देतो.

संपूर्ण सर्किट पी१५ए मूळ असलेल्या प्लाझ्मिडवर ठेवा, पेशीमागे सुमारे पंधरा प्रती. शेकडो प्रतींच्या प्लाझ्मिडवर ठेवलंत तर पेशी ओझ्याने मंदावते. एकच टर्मिनेटर किंवा एकच इन्सुलेटर दोनदा वापरू नका. दोन सारखे तुकडे एकमेकांशी जुळून मधला भाग गाळला जाऊ शकतो. तुकडे जोडायला गोल्डन गेट किंवा गिब्सन, यांतली जी पद्धत हाताशी असेल ती. गोल्डन गेट करणार असाल तर तुमच्या जनुकांत 'जीजीटीसीटीसी' हा क्रम, उलट्या धाग्यावरही, कुठे लपलेला नाही ना ते आधी शोधा, कारण त्या पद्धतीतलं एन्झाइम हाच क्रम ओळखून कापतं.

पायरी ७: आधी सुटे भाग मोजा

सगळं एकदम जोडून चार नळ्या मोजाव्यात असं वाटेल. तसं करू नका. आधी पाच वाण बनवा: रिकामं प्लाझ्मिड असलेला, जे२३१०१ पुढे जीएफपी असलेला, पी-बॅडपुढे थेट जीएफपी, पी-टेटपुढे थेट जीएफपी, आणि पाचवा म्हणजे पी-टेटने चालवलेलं पीएचएलएफ आणि त्याचं आउटपुट. शेवटच्यात एटीसी आठ-दहा वेगवेगळ्या प्रमाणात द्या. चौथ्या वाणावरून प्रत्येक प्रमाणाला इनपुट किती हे कळतं, पाचव्यावरून आउटपुट. दोन्ही एकमेकांसमोर मांडले की तुमच्या गेटचा खरा वक्र हातात येतो. त्यातून किमान, कमाल, 'क', 'न' काढा आणि पायरी ४ मधल्या माझ्या आकड्यांच्या जागी घाला. आता कागदावरच कळेल, नॉर चालणार की नाही.

हे काम कंटाळवाणं वाटतं, पण पुढे सगळं यावर उभं आहे. २०१६ मध्ये व्हॉइट यांच्या गटाने 'सेलो' ही प्रणाली मांडली. तिला सर्किटचं वर्णन इलेक्ट्रॉनिक्समधल्या व्हेरिलॉग भाषेत द्यायचं, ती डीएनएचा क्रम लिहून देते. तिने आखलेल्या ६० सर्किटांपैकी ४५ प्रत्येक स्थितीत बरोबर चालली. प्रणालीची करामत आहेच, पण तिच्या पोटात आधी काळजीपूर्वक मोजलेल्या गेटांचे वक्र होते.

पायरी ८: चार नळ्या

ई. कोलायचे के-१२ कुळातले वाण निरुपद्रवी मानले जातात. तरीही जनुकीय बदल केलेला जिवाणू आहे, त्यामुळे संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी, हातमोजे आणि प्रयोगानंतर सगळं १२१ अंश सेल्सियसला ऑटोक्लेव्ह करणं यांत सूट नाही. घरच्या ओट्यावर हे करू नये.

रात्रभर वाढवलेलं कल्चर ग्लिसरॉल असलेल्या एम९ माध्यमात २०० पट विरळ करा, प्लाझ्मिडला लागणारं प्रतिजैविक घाला, ३७ अंशांवर हलवत तीन तास वाढवा. मग पुन्हा विरळ करून चार नळ्यांत वाटा: काहीच नाही, ०.२ टक्के अरॅबिनोज, एटीसी, दोन्ही. एटीसी मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅमच्या वर नेऊ नका, वाढ मंदावते. सहा तास वाढू द्या, आणि दाटी होऊ लागली तर मधे एकदा त्याच इनपुटांसह पुन्हा विरळ करा. दाट कल्चरमध्ये पेशी वाढायची थांबते, विरळ होणं थांबतं, आणि आपला सगळा हिशेब त्यावरच आहे.

मोजायला फ्लो सायटोमीटर, म्हणजे एकेका पेशीचा उजेड मोजणारं यंत्र. निळा ४८८ नॅनोमीटरचा लेझर, हिरवा फिल्टर, नळीमागे निदान दहा हजार पेशी. एकक काढायचं सूत्र: नळीच्या आकड्यातून रिकाम्या वाणाचा वजा करा, आणि जे२३१०१ च्या आकड्यातून रिकाम्याचा वजा करून आलेल्याने भागा. तीन वेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या वसाहतींपासून.

सायटोमीटर नसेल तर प्लेट रीडर चालेल, पण तो फक्त सरासरी देतो आणि सरासरी इथे फसवते. पी-बॅड कमी अरॅबिनोजवर निम्मा सुरू होत नाही. काही पेशींत तो पूर्ण सुरू असतो आणि काहींत पूर्ण बंद, कारण साखर आत आणणारा पंप स्वतःच अरॅबिनोजने सुरू होतो आणि ज्या पेशीत तो आधी सुरू झाला तिथे आणखी साखर येते. सरासरी सांगते 'अर्धा उजेड', आणि प्रत्यक्षात तसा अर्धा उजेड एकाही पेशीत नसतो. आलेखात दोन टेकड्या दिसल्या तर सरासरी लिहू नका, दोन्ही टेकड्या लिहा.

पायरी ९: बिघाड ओळखणं

चारही नळ्या हिरव्या असतील तर रिप्रेसर बनत नाही किंवा आपल्या जागी बसत नाही. प्लाझ्मिडचा क्रम वाचून घ्या, पीएचएलएफच्या जनुकात एखादं अक्षर गळलेलं असतं. चारही अंधारात असतील तर बहुधा गळती. पायरी ७ मधले बंद स्थितीचे आकडे पाहा आणि रिप्रेसरची रायबोझोम-जागा कमकुवत करा. एकच इनपुट ऐकू येत नसेल तर आधी रसायन तपासा, डीएनए नंतर: ग्लुकोज, उजेडात राहिलेलं एटीसी, जुनं माध्यम.

सगळ्यात त्रासदायक बिघाड असा: सोमवारी चालणारं गेट शुक्रवारी चालत नाही. पेशीला तुमचं सर्किट नको असतं. ते तिचे रायबोझोम आणि पॉलिमरेज वापरतं, तिची वाढ मंदावते. एखाद्या पेशीत उत्परिवर्तन होऊन सर्किट मोडलं की ती पेशी वेगाने वाढते आणि काही दिवसांत नळीभर तिचीच प्रजा होते. इलाज साधा आहे. सर्किट चाललं त्याच दिवशी त्या कल्चरमध्ये ग्लिसरॉल घालून उणे ८० अंशांवर ठेवा, आणि प्रत्येक प्रयोग त्या गोठवलेल्या कुपीतून नव्याने सुरू करा. प्लेटवरच्या जुन्या वसाहतीवरून कधीही नको. वाढीचा वेगही दर वेळी नोंदवा. सर्किट असलेला वाण रिकाम्या वाणाच्या तुलनेत फारच मंद असेल तर तो टिकणार नाही.

पुढचं गेट

नॉर जमलं की साहजिकच एक्सॉर हवासा वाटतो: दोहोंपैकी नेमकं एक असेल तरच हिरवा. एकाच पेशीत ते करायला आणखी तीन-चार रिप्रेसर लागतात, प्रत्येक वेगळ्या ओळखीचा, आणि प्रत्येक जोडावर पायरी ४ चा हिशेब. तमसीर आणि सहकाऱ्यांनी दुसरी वाट काढली. प्रत्येक पेशीत एकच नॉर गेट ठेवलं, वेगवेगळ्या वसाहती शेजारी शेजारी वाढवल्या, आणि तार म्हणून जिवाणू एकमेकांशी बोलायला वापरतात ते रेणू घेतले. एका वसाहतीचं आउटपुट म्हणजे असा रेणू बनवणारं एन्झाइम, शेजारच्या वसाहतीचं इनपुट म्हणजे तो रेणू ओळखणारा प्रमोटर. पेशीमागे ओझं थोडं, आणि तोच रिप्रेसर निरनिराळ्या वसाहतींत पुन्हा वापरता येतो.

आठवण ठेवणारं सर्किट हवं असेल तर रिप्रेसर सोडून रिकॉम्बिनेजकडे वळा. ही एन्झाइमं डीएनएचा तुकडाच उलटा करून ठेवतात, इनपुट गेल्यावरही तो उलटाच राहतो. २०१३ मध्ये स्यूटी, याझबेक आणि लू यांनी दोन इनपुटची सगळी १६ गेटं अशा पद्धतीने, आठवणीसकट बांधली. मात्र तिथे गळतीची किंमत वेगळी आहे. रिप्रेसर गेटमध्ये थोडी गळती म्हणजे थोडा कमी उजेड. रिकॉम्बिनेजमध्ये एकदा गळलेलं एन्झाइम तुकडा उलटवून मोकळं होतं आणि तो परत सरळ होत नाही. तिकडे जाण्याआधी तुमच्या वहीतला पी-बॅड आणि पी-टेटचा बंद स्थितीचा आकडा काढा, आणि तो ०.०१ च्या आसपास आहे का ते आधी पाहा.